सहीपुरता राज्यपाल?

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पिढीतल्या राज्यपालांनी आपल्या पदाविषयी जे लिहिले-बोलले, त्यात एक सूर वारंवार लागतो : आम्हाला काम काही नाही. मध्य प्रदेशचे राज्यपाल पट्टाभि सीतारामय्या म्हणत, की दर पंधरवड्याला राष्ट्रपतींना अहवाल धाडण्यापलीकडे आपल्या हाती फारसे काही नसते. आसाम, मद्रास आणि मुंबई (पुढे महाराष्ट्र) अशा राज्यांचे राज्यपाल राहिलेल्या श्रीप्रकाश यांनी १९६६ साली भारतातल्या राज्यपालांवर पुस्तकच लिहिले. दाखवलेल्या जागी सही करायची, एवढेच राज्यपालाचे काम, असे तेही सांगत. १ मे १९६० ला महाराष्ट्र अस्तित्वात आला तेव्हा मलबार हिलवरच्या राजभवनात हेच श्रीप्रकाश होते. राज्यपाल म्हणजे शोभेचे पद, हा समज दृढ व्हायला अशा अनुभवी माणसांच्या कबुलीजबाबांचा हातभार लागला. ही तक्रार प्रामाणिक असेलही, पण साक्ष म्हणून ती कच्ची आहे. आणि तिला खोडून काढणारा भक्कम पुरावा खुद्द श्रीप्रकाशांच्याच कारकिर्दीत सापडतो.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मद्रास विधानसभेच्या ३७५ जागांपैकी काँग्रेसला १५२ मिळाल्या. बहुमत हुकले आणि मावळते मुख्यमंत्री कुमारस्वामी राजा स्वतःच पराभूत झाले. टी. प्रकाशम यांच्या नेतृत्वाखाली कम्युनिस्ट आणि इतर विरोधक एकत्र आले. आपले संख्याबळ काँग्रेसपेक्षा जास्त आहे, असा त्यांचा दावा होता. श्रीप्रकाशांनी मात्र चक्रवर्ती राजगोपालाचारींना पाचारण केले. राजाजी आमदार नव्हते, निवडणुकीला उभेही राहिले नव्हते. राज्यपालांनी त्यांना विधान परिषदेवर नेमले आणि एप्रिलमध्ये त्यांचा शपथविधी झाला. मग कॉमनवील पक्षाच्या नेत्याला मंत्रिपद मिळाले, इकडची-तिकडची माणसे वळली आणि बहुमत उभे राहिले. या नेमणुकीला मद्रास उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, ते टिकले नाही. राजाजींनी विधानसभेत विश्वासमत जिंकले. म्हणजे राज्यपालांचा अंदाज बरोबरच होता, असा बचाव होऊ शकतो. पण यात क्रम उलटा लागतो. आधी बहुमत आणि मग निमंत्रण, असे घडले नाही. निमंत्रण मिळाले, सत्ता हाती आली आणि मग बहुमत जमले. दोन हजार दिवस नुसत्या सह्या करणारा माणूस एका दिवशी सरकार कोणाचे हे ठरवून जातो. मग दोन हजार दिवसांच्या कंटाळ्यावरून पदाची ताकद कशी मोजायची?

यावर घटनेचा दाखला दिला जाईल, आणि तो हलका नाही. राज्यपाल लोकांनी निवडून द्यावा, हा सुरुवातीचा विचार संविधान सभेने १९४९ मध्ये सोडला तो मुख्यतः यासाठी, की मुख्यमंत्र्यासमोर लोकांचा कौल घेऊन आलेला दुसरा सत्ताधीश उभा राहू नये. अनुच्छेद १६३ ने राज्यपालाला मंत्रिमंडळाच्या सल्ल्याशी बांधले, आणि १९७४ च्या शमशेर सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती गाठ आणखी आवळली. म्हणजे रोजच्या कारभारात राज्यपालांना वाटणारे रितेपण हा अपघात नव्हे, तो घटनाकारांचा हेतूच होता. पंजाबात प्रतापसिंग कैरों यांच्यासारखा दांडगा मुख्यमंत्री असताना काकासाहेब गाडगीळांसारखा केंद्रात मंत्री राहिलेला पुणेकर राज्यपाल कारभार हाती घेऊ शकत नव्हता, हे योग्यच होते. पण त्याच अनुच्छेदात स्वविवेकाची फट ठेवली आहे, आणि अनुच्छेद १६४ ने मुख्यमंत्री नेमण्याचा अधिकार दिला आहे. कोणाचेच बहुमत स्पष्ट नसते तेव्हा सल्ला देणारे मंत्रिमंडळच संशयास्पद ठरते, आणि बांधलेले हात सुटतात. गोव्यात १९९४ मध्ये राज्यपाल भानुप्रकाश सिंह यांनी विल्फ्रेड डिसोझांना हटवून रवी नाईकांना मुख्यमंत्री केले. तो फेरबदल आठवडाभरही टिकला नाही आणि सिंह यांनाही जावे लागले. फसला तरी तो सहीचाच प्रताप होता.

महाराष्ट्राच्या राज्यपालाबाबत तर सहीपुरते असण्याची तक्रार कागदावरही पुरती खरी नाही. अनुच्छेद ३७१(२) नुसार १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांसाठी विकास मंडळे आली, आणि निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालावर पडली. तेव्हा राजभवनात डॉ. पी. सी. अलेक्झांडर होते. इंदिरा गांधींचे प्रधान सचिव राहिलेल्या या गृहस्थांना सत्ता कुठून आणि कशी हलते हे कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

मग राज्यपालांच्या आठवणी वाचायच्याच कशाला, असे कोणी विचारील. पक्षाची माणसे, निवृत्तीनंतर स्वतःची बाजू मांडणारी! वाचायच्या, पण समारंभ आणि पाहुणे यांची पाने भराभर उलटून, निवडणुकीनंतरच्या आठवड्यांवर बोट ठेवून. श्रीप्रकाशांचे पुस्तक आल्यानंतर वर्षभरातच, मार्च १९६७ मध्ये, राजस्थानचे राज्यपाल संपूर्णानंद यांनी १८४ पैकी ८९ जागा मिळवलेल्या काँग्रेसच्या सुखाडियांना बोलावले. अपक्ष आमदार मोजायचेच नाहीत, असे त्यांनी ठरवले होते. जयपुरात रस्त्यावर रक्त सांडले आणि राष्ट्रपती राजवट लागली. संपूर्णानंदही, श्रीप्रकाशांप्रमाणेच, काशीच्या विद्वान वर्तुळातले होते.