‘आल्गिर्दास’ : एका व्यक्तिनामाचा इतिहास

व्यक्तिनामाला इतिहासाचे साधन मानावयाचे, तर ते कोणाच्या लेखणीतून आपल्यापर्यंत आले हे प्रथम पाहिले पाहिजे. लिथुआनियन भाषेतील ‘आल्गिर्दास’ हे पुरुषनाम या दृष्टीने उद्‌बोधक आहे. आज ते त्या देशात सर्वपरिचित आहे. परंतु ते अखंड परंपरेने चालत आले, असा समज झाल्यास तो इतिहासाला धरून होणार नाही.

नामाची घटना द्विपदी आहे. पूर्वपद ‘आल्गा’ म्हणजे वेतन, मोबदला. संस्कृत ‘अर्घ’ (मूल्य) हा त्याचा सगोत्र शब्द होय. मूळ ‘ल्’ च्या जागी संस्कृतात ‘र्’ आला आणि ‘घ्’ चे महाप्राणत्व बाल्टिक भाषांत लोपले. आपल्या ‘महाग’ शब्दात (संस्कृत ‘महार्घ’) हाच ‘अर्घ’ दडलेला आहे. उत्तरपदाचा संबंध ‘गिर्देति’ म्हणजे ऐकणे या धातूशी आहे. अंती येणारा ‘-आस’ हा पुल्लिंगी प्रथमेचा प्रत्यय असून संस्कृत ‘देवस्’ मधील ‘-अस्’ शी त्याचे नाते उघड आहे. मात्र दोन्ही पदे जोडून ‘वेतनाची वार्ता ऐकणारा’ असा सलग अर्थ लावणे युक्त नव्हे. ‘आल्गिमान्तास’ आणि ‘मान्गिर्दास’ ही नामे पाहता, पदे सुटी घेऊन नव्याने जोडण्याची रीत होती हे ध्यानात येते. प्रत्येक पद स्वतंत्रपणे गौरवाचे. त्यांच्या जोडणीतून वाक्यार्थ निघालाच पाहिजे असे नाही.

या नामाचा सर्वांत प्रसिद्ध धारक म्हणजे गेदिमिनासचा पुत्र, महाराजा आल्गिर्दास (राज्यकाल १३४५ ते १३७७). बंधू केस्तुतिस पश्चिमेस ट्यूटॉनिक सरदारसंघाशी झुंजत असता आल्गिर्दासने पूर्वेकडे राज्य वाढविले. १३६२ मध्ये ‘नीलजला’च्या लढाईत त्याने तातारांचा पराभव केला; १३६८, १३७० व १३७२ मध्ये मॉस्कोवर स्वाऱ्या केल्या. एवढ्या मोठ्या राज्यकर्त्याचे नाव त्याच्या हयातीत त्याच्या भाषेत लिहिले गेल्याचा पुरावा नाही. लिथुआनियन भाषेतील पहिले मुद्रित पुस्तक १५४७ चे. दरबारी लेखन चाले ते रुथेनियन भाषेत. त्या लेखनात प्रत्यय गळून आणि आद्य ‘आ’ चा ‘ओ’ होऊन ‘ओल्गेर्द’ हे रूप रूढ झाले. रुथेनियन ‘ग’ चा उच्चार ‘ह’ कडे झुकत असल्यामुळे पुढील काळचे लेखनिक लिथुआनियन ‘ग’ दाखविण्यासाठी ‘क्ग’ असे जोडाक्षर योजीत. लेखनिकाच्या या दक्षतेतच मूळ उच्चाराचा मागोवा मिळतो.

आल्गिर्दासचा पुत्र योगायला याने १३८६ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ‘व्लादिस्लाव’ हे नाव धारण केले. १३८७ पासून लिथुआनियात ख्रिस्ती धर्माचा अधिकृत प्रसार झाला आणि संतांच्या नावांपुढे जुनी नामे मागे पडली. ‘गोश्ताउतास’ यासारखी काही कुलनामांत तेवढी टिकली. राष्ट्रीय जागृतीच्या काळी ती पुन्हा पुढे आली, तेव्हा शुद्ध रूप कोणते हा प्रश्न उभा राहिला. काझिमेरास बूगा यांनी व्यक्तिनामांवरील १९११ च्या ग्रंथात परकीय लेखनातील रूपे ध्वनिनियमांच्या कसोटीवर तपासून त्याचा शास्त्रीय पाया घातला.

या पुनरुज्जीवनाचे फळ विसाव्या शतकातील धारकांत दिसते. १९१७ मध्ये जन्मलेले चिन्हमीमांसक ग्रेमास यांचे पहिले नाव आल्गिर्दासच. फ्रान्समध्ये त्यांच्या ‘संरचनात्मक अर्थविज्ञान’ (१९६६) या ग्रंथावर त्यातले केवळ ‘आ.’ हे आद्याक्षर उरले. लिथुआनियन पुराणकथांवरील त्यांचे लेखन मात्र त्या नावाच्या मूळ भूमीकडे वळलेले आहे. आल्गिर्दास ब्राझाउस्कास (१९३२ ते २०१०) यांच्या नेतृत्वाखाली १९८९ मध्ये लिथुआनियन कम्युनिस्ट पक्ष मॉस्कोपासून विभक्त झाला. १९९३ ते १९९८ या काळात ते राष्ट्राध्यक्ष होते.

चौदाव्या शतकातील महाराजा आणि विसाव्या शतकातील राष्ट्राध्यक्ष यांना जोडणारा धागा वंशाचा नव्हे, भाषाभ्यासाचा आहे. म्हणूनच ‘ओल्गेर्द’ लिहावे की ‘आल्गिर्दास’, हा केवळ वर्णलेखनाचा प्रश्न राहत नाही. पहिले रूप दरबारी लेखनिकाची साक्ष देते, दुसरे त्या साक्षीवरून सिद्ध केलेले अनुमान आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने दोन्ही रूपे वापरावीत, पण एकास दुसऱ्याच्या जागी बसवू नये.