कळलावीचे बहात्तर तास

श्रावणात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीच्या वाटेवर कळलावी फुलते. ज्वाळेसारख्या पाकळ्या, बुडाशी पिवळ्या, टोकाला लाल. बाळंतपणाच्या कळा आणण्यासाठी हिच्या कंदाचा लेप लावत, म्हणून हे नाव. घरात आणली तर भांडणं लागतात, असंही जुनी माणसं म्हणत. जमिनीतला कंद नांगरासारखा वाकडा, म्हणून संस्कृतात ती लांगली. आयुर्वेद तिला उपविषांत धरतो आणि गोमूत्रात शुद्ध केल्याशिवाय वापरत नाही.

भारतात आणि श्रीलंकेत हा कंद रताळं किंवा करांदा समजून खाल्ल्याच्या नोंदी आहेत. पुढचा माणूस कल्पित आहे. तासांचा क्रम त्या विषबाधेचा आहे. तो मी मुलुंडच्या एका घरात ठेवतो आहे.

रविवार, रात्री ८. टेकडीवरून आणलेला कंद उकडून, मीठ लावून खाल्ला. त्यातलं विष, कोल्चिसीन, उकडल्याने जात नाही.

रात्री ९. काहीच होत नाही. पोटात गेलेलं विष कोळशाच्या औषधाने अडवायचं, तर ते याच तासात सर्वांत जास्त साधतं. घरात टीव्ही चालू आहे.

सोमवार, पहाटे २. उलट्या, पोटात मुरडा, पाण्यासारखे जुलाब. पावसाळ्यातल्या मुंबईत याचं एकच निदान होतं: पाणी बाधलं. मीठ-साखरेचं पाणी दिलं जातं. कंदाची आठवण कोणालाच येत नाही, आणि या सबंध क्रमात मला सर्वांत जास्त छळतं ते हेच.

सकाळी १०. रुग्णालयात सलाईन लागलं. रक्तदाब उतरलेला. पांढऱ्या पेशी वाढलेल्या, म्हणून जंतुसंसर्गच वाटतो.

पेशी दुभंगताना आत सूक्ष्म नलिकांचा सांगाडा उभारते. कोल्चिसीन त्या नलिकांच्या विटेलाच, ट्युब्युलिनला, चिकटतं आणि बांधकाम थांबतं. ज्या पेशी भराभर दुभंगतात त्या आधी मरतात: आतड्याचं अस्तर, अस्थिमज्जा. हाच गुण औषधातही कामाला येतो. गाउटमध्ये सुजल्या सांध्याकडे धावणाऱ्या पांढऱ्या पेशींना कोल्चिसीन रोखतं आणि ठणका थांबतो. १८२० मध्ये पेल्तिए आणि काव्हाँतू यांनी ते युरोपातल्या कोल्चिकम या दुसऱ्या वनस्पतीतून वेगळं काढलं. २०२३ मध्ये अमेरिकेने हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठीही त्याला मान्यता दिली. ती रोजची गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची. साठ किलोच्या माणसाला पन्नासेक मिलिग्रॅम बहुधा जगू देत नाहीत.

मंगळवार, दुपारी १२. उलट्या ओसरल्या. घरच्यांना हायसं वाटतं. पण लघवी कमी झाली आहे, आणि काल वाढलेल्या पांढऱ्या पेशी आज कोसळू लागल्या आहेत.

"ताई, रविवारी जेवणात काय होतं?"

"नेहमीचंच, डॉक्टर. तो रानातला कंद तेवढा नवा."

बुधवार, पहाटे ४. मूत्रपिंडं थांबली. डायलिसिस त्यांचं काम करील, पण पेशींत शिरलेलं विष त्याने बाहेर येत नाही. फ्रान्समध्ये एका रुग्णाला प्रतिपिंडांनी वाचवल्याचं १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं. ते औषध बाजारात आलं नाही. जे या टप्प्यातून तगतात, त्यांचे केस दुसऱ्या आठवड्यात झुबक्यांनी गळतात आणि पुन्हा उगवतात.

रात्री ८. मॉनिटरवरचे ठोके अडखळतात. मुलुंडच्या घरात, ओट्याखालच्या पिशवीत, उरलेला अर्धा कंद तसाच आहे.