केले आणि करविले

मराठीच्या जुन्या लेखांची गोष्ट निघाली की श्रवणबेळगोळचे नाव हटकून निघते. कर्नाटकातील तेथील टेकडीवर गोमटेश्वराची सुमारे 57 फूट उंचीची, अखंड खडकातून घडविलेली मूर्ती आहे. तिच्या पायांशी मराठीच्या दोन लहान ओळी कोरलेल्या आहेत. मूर्ती चावुंडराजाने करविली असे पहिली सांगते. भोवतालचे आवार गंगराजाने करविले असे दुसरी सांगते. चावुंडराज हा दहाव्या शतकातील गंग राजाचा मंत्री; गंगराज हा बाराव्या शतकातील होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती. पहिली ओळ पुष्कळ काळ 983 ची मानली जाई. दोन्ही ओळी गंगराजाच्या काळच्या असाव्यात, असे मत पुढे मांडले गेले. तो वाद पंडितांचा आहे. मी युनियनचा माणूस. माझे लक्ष त्या ओळींतील क्रियापदाकडे जाते. ते आहे 'करवियले'.

या शब्दाचे कूळ असे. संस्कृतात 'करोति', प्राकृतात 'करइ', आणि जुन्या मराठीत 'करी'. तो करी, ते करिती, अशी ही रूपे तेव्हा वर्तमानकाळाची होती. आज तीच रूपे मागची रीत सांगतात. 'आजोबा पहाटे उठत, मोट धरीत' असे आपण म्हणतो, ते त्या जुन्या वर्तमानकाळाचेच अवशेष. त्याच 'करी'ला 'ल' जोडून 'करील' हा भविष्यकाळ झाला.

भूतकाळाची घडण निराळी आहे. संस्कृतातील 'कृत' प्राकृतातून येता येता 'ल' घेऊन 'केला, केली, केले' झाला. मुळात याचा अर्थ 'केला गेलेला'. म्हणून 'गवंडी भिंत बांधतो' येथे क्रियापद गवंड्याच्या मागे चालते. पण 'गवंड्याने भिंत बांधली' म्हणताच ते भिंतीच्या मागे जाते. बांधणारी बाई असो की पुरुष, 'बांधली' बदलत नाही. काम पुरे झाले की व्याकरण कामाकडे पाहते. तरीही 'गवंड्याने' हा शब्द वाक्यात असतो, हे विसरू नये.

आता 'करवियले'. प्राकृतातील 'आव' या प्रत्ययापासून मराठीत 'व' आला आणि 'करणे'चे 'करविणे' झाले. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने 1920 साली मराठीच्या जडणघडणीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या भाषेत मध्ययुगापासून हाच अर्थ सांगायला 'करणे' या क्रियापदापुढे तेच क्रियापद पुन्हा ठेवावे लागते. आपले काम एका अक्षराने भागते. पण त्या एका अक्षराने वाक्यात दुसरा माणूस उभा राहतो. करविणारा एक, करणारा दुसरा. करणाऱ्याला व्याकरणाने जागाही दिली आहे: पाथरवटाकडून करविले. श्रवणबेळगोळच्या ओळींत ते 'कडून' नाही.

याचा दोष मराठीला देऊ नये. चावुंडराजाची तीच गोष्ट तेथे कन्नड आणि तमिळ भाषांतही कोरलेली आहे. कन्नडात 'माडिसिदं', तमिळात 'सेय्वित्तान'; दोन्ही प्रयोजकच. तीन भाषांतील क्रियापदे एकमुखाने कबूल करतात की हात दुसऱ्यांचे होते. कोरणाऱ्याने राजाला खोटे श्रेय दिलेले नाही. त्याने 'केले' म्हटले नाही, 'करविले' म्हटले. एवढा प्रामाणिकपणा त्या दगडात आहे.

मग आपल्या काळाकडे पाहा. ज्ञानेश्वरीच्या, म्हणजे 1290 च्या मराठीत 'कीजे', 'बोलिजे' अशी कर्मणी रूपे होती. ती मागे पडली आणि कारभाराच्या भाषेत 'करण्यात येते' हे रूप बसले. तळवड्यापासून चाकणपर्यंत कोणत्याही फाटकावरचा फलक वाचा: 'कामावरून कमी करण्यात येत आहे.' कोणी कमी केले? वाक्यात कोणीच नाही. करणारा नाही, आणि करविणाराही नाही. चावुंडराजाने निदान स्वतःचे नाव लावले होते.

म्हणून कराराचा मसुदा पुढे आला की मी आधी क्रियापदे वाचतो. 'सुरक्षेची साधने पुरविण्यात येतील' याखाली मी सही करू देत नाही. 'व्यवस्थापन पुरवील' असे लिहा, म्हणतो. समोरचे हसतात, अर्थ तोच आहे म्हणतात. अर्थ तोच असेल तर शब्द बदलायला हरकत नसावी! हात अडकून अपघात झाला म्हणजे तो अर्थ तोच राहत नाही, हे कामगाराला ठाऊक असते.

इकडे देहू, पलीकडे आळंदी, मध्ये इंद्रायणी आणि काठाने आपले कारखाने. या पट्ट्यात रोज लाखो गोष्टी घडतात आणि त्यांवर करविणाऱ्यांची नावे उमटतात. तरुण मित्रांना माझे एवढेच सांगणे आहे की व्याकरण हे शाळेत टाकून यायचे ओझे नव्हे. कोणताही कागद हाती आला की तीन गोष्टी शोधा: कोणी केले, कोणी करविले, कोणाकडून. तिन्हींची उत्तरे मिळाली तरच सही करा.