हितसंबंध-प्रकटन, शोधनियतकालिकांतील

हितसंबंध-प्रकटन, शोधनियतकालिकांतील : शोधनिबंधाचे लेखक, परीक्षक व संपादक यांचे विवेच्य विषयात गुंतलेले आर्थिक वा अन्य हितसंबंध वाचकांपुढे उघड करण्याची पद्धती. संशोधनास मिळालेले अनुदान, कंपनीतील भाग, एकस्वे, सल्ल्याचे मानधन, प्रवासखर्च इत्यादींचा त्यात अंतर्भाव होतो. हितसंबंध असणे म्हणजे अप्रामाणिकपणा नव्हे. तथापि निष्कर्षाचे वजन ठरविताना वाचकास ते ठाऊक असावेत, हे या पद्धतीमागील तत्त्व होय.

ही गरज प्रथम वैद्यकात तीव्रतेने जाणवली. न्यू इंग्‍लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात १९६७ मध्ये आहार व हृदयविकार यांविषयी हार्व्हर्ड विद्यापीठातील संशोधकांचा समीक्षालेख प्रसिद्ध झाला. त्यात साखरेपेक्षा स्निग्ध पदार्थांवर अधिक दोष ठेवण्यात आला होता. अमेरिकन साखर-उद्योगाच्या एका संशोधनसंस्थेने या लेखासाठी पैसे दिले होते, ही गोष्ट जुन्या पत्रव्यवहाराच्या अभ्यासातून २०१६ मध्ये प्रकाशात आली. लेख प्रसिद्ध झाला, तेव्हा अशा प्रकटनाचा नियम नव्हता. आर्नल्ड रेलमन हे संपादक असताना त्याच नियतकालिकाने १९८४ मध्ये तो लागू केला. रक्तदाबावरील कॅल्शियम-रोधक औषधांसंबंधीच्या लेखनाची १९९८ मध्ये तेथेच पाहणी प्रसिद्ध झाली. औषधांचे समर्थन करणाऱ्या लेखकांपैकी ९६ टक्के, तर विरोध करणाऱ्यांपैकी ३७ टक्के लेखकांचे ती औषधे बनविणाऱ्या कंपन्यांशी आर्थिक संबंध आढळले. नेचरने असे प्रकटन २००१ मध्ये सुरू केले, तर वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००९ मध्ये त्यासाठी समान प्रपत्र तयार केले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या प्रश्नाचे बोलके उदाहरण कापसाचे आहे. जालना येथे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या महिको कंपनीने मोन्सँटो या अमेरिकन कंपनीचे तंत्रज्ञान वापरून तयार केलेल्या बीटी संकरित वाणांना मार्च २००२ मध्ये केंद्र शासनाची मान्यता मिळाली. पुढील वर्षी मातिन काइम व डेव्हिड झिल्बरमन यांचा निबंध सायन्समध्ये आला. २००१ च्या हंगामातील शेतांवरील चाचण्यांत बीटी वाणांचे उत्पादन त्यांच्या बीटीरहित जोडवाणांपेक्षा सु. ८० टक्क्यांनी अधिक होते, असे त्यात दाखविले होते. या चाचण्या महिकोने योजिल्या होत्या, हे लेखकांनी निबंधातच सांगितले होते. त्यामुळे आकड्यांच्या उगमावर उघडपणे टीका होऊ शकली. पुढे २००२–०८ या काळात शेतकरी कुटुंबांच्या पाहणीतून गोळा केलेल्या माहितीवर आधारलेला काइम व योनास काथागे यांचा निबंध २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकरी उत्पादनवाढ २४ टक्के व नफ्यातील वाढ ५० टक्के आढळली. दोन आकड्यांतील सर्व अंतर हितसंबंधांमुळे पडले, असे म्हणता येत नाही. २००१ मध्ये बोंडअळीचा उपद्रव मोठा होता आणि चाचणीचे शेत व नित्याचे शेत यांतही फरक असतो. परंतु पहिला आकडा कोठून आला हे ठाऊक असल्यानेच दुसऱ्या, स्वतंत्र मापनाची आवश्यकता स्पष्ट झाली.

प्रकटनाची मर्यादाही येथेच दिसते. ते निबंधाबरोबर छापले जाते. आकडा मात्र वृत्तपत्रे, जाहिराती व बियाणे-विक्रेते यांच्याद्वारे एकटाच प्रवास करतो. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील ताडकळससारख्या गावी कोरडवाहू जमिनीत बियाणे टोकणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती मूळ निबंध पडण्याचा संभव फार थोडा. चुकीच्या अपेक्षेची किंमत मात्र त्यालाच मोजावी लागते. बीटी वाणांना न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळीने २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापसाचे मोठे नुकसान केले. म्हणून संशोधनाचे निष्कर्ष शिफारशींच्या रूपाने शेतकऱ्यांपर्यंत नेणारी कृषी विद्यापीठे, शासकीय विभाग व वृत्तपत्रे यांनीही आकड्याबरोबर त्याचा उगम सांगणे अगत्याचे ठरते. प्रकटनामुळे पक्षपात नाहीसा होत नाही. तो ओळखण्याचे साधन तेवढे वाचकास मिळते. निष्कर्षाची अंतिम कसोटी स्वतंत्र पडताळणी हीच राहते.