ऊन किती घातक, हे सावली सांगते : हैदराबादचे उदाहरण

हैदराबादेत दरवर्षी ९ मेच्या सुमारास दुपारी १२ वाजून १२ मिनिटांनी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. ३ ऑगस्टच्या सुमारास १२ वाजून २२ मिनिटांनी हीच स्थिती पुन्हा येते. मे महिन्यात या वेळी रस्ते ओस पडलेले असतात. ऑगस्टमध्ये मात्र ढगाळ, सुखद हवेत मुले मैदानावर खेळत असतात. सूर्याची उंची दोन्ही दिवशी सारखीच असते. उन्हापासून कुटुंबाचे रक्षण करताना बहुतेकांची गफलत होते ती इथेच.

उष्णता वेगळी, अतिनील किरणे वेगळी

त्वचा काळवंडणे, तिच्यावर अकाली सुरकुत्या पडणे आणि कालांतराने कर्करोग होणे, यांस अतिनील किरणे कारणीभूत असतात. ही किरणे दिसत नाहीत आणि त्यांची धगही जाणवत नाही. विरळ ढगांतून त्यांपैकी ८० टक्क्यांपर्यंत किरणे खाली पोहोचू शकतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ मध्ये सूर्यप्रारणाचा समावेश कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात केला.

या किरणांची तीव्रता मुख्यतः सूर्याच्या उंचीवर ठरते, म्हणून सावली हे तिचे सोपे माप आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर आडोसा शोधावा. हैदराबादेत मेच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी नऊपासून दुपारी सव्वातीनपर्यंत सावली आखूड राहते. डिसेंबरच्या अखेरीस, थंडीच्या दिवसांतही, अकरा ते दीडच्या दरम्यान ती आखूडच असते. गोव्यात सूर्य माथ्यावर येण्याची वेळ हैदराबादपेक्षा सुमारे वीस मिनिटांनी उशिराची आहे. पणजीत शून्य सावलीचा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा १० ऑगस्टच्या सुमारास येतो. शिवाय किनाऱ्यावरील कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरणे परावर्तित करतो. त्यामुळे छत्रीखाली बसलेल्यालाही पूर्ण संरक्षण मिळत नाही.

एका छपराखाली निरनिराळी त्वचा

त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य अतिनील किरणे शोषून घेते. त्यामुळे गव्हाळ व सावळ्या त्वचेच्या भारतीयांत त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण गोऱ्या युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा बरेच कमी आहे. तथापि, ‘आपल्याला हा रोग होतच नाही’ असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही. हैदराबादच्या हबसीगुडा येथील पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्राच्या, म्हणजेच सीसीएमबीच्या, शास्त्रज्ञांचा सहभाग असलेले एक संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्वचा उजळ करणारा एका जनुकाचा प्रकार भारतातील निरनिराळ्या समाजांत कमीअधिक प्रमाणात पसरलेला असल्याचे त्यातून दिसून आले. एकाच घरातील भावंडांचा वर्ण वेगळा असतो, तसे त्यांच्या त्वचेला मिळणारे नैसर्गिक संरक्षणही वेगळे असते.

काही सदस्यांची काळजी अधिक घ्यावी लागते. अल्बिनिझम असलेल्या व्यक्तींच्या त्वचेत मेलॅनिन नसते किंवा अत्यल्प असते. त्यांना तरुणपणीच कर्करोग होऊ शकतो. झेरोडर्मा पिग्मेंटोसम या दुर्मीळ आनुवंशिक विकारात अतिनील किरणांनी पेशींना झालेली इजा शरीर भरून काढू शकत नाही. आई आणि वडील या दोघांकडून सदोष जनुक आल्यास हा विकार होतो. म्हणून मामेबहीण, आतेबहीण किंवा मामा-भाची अशा नात्यांतील विवाहांत त्याची शक्यता वाढते. थोड्याशा उन्हानेही तान्ह्या मुलाची त्वचा भाजत असेल किंवा दुसऱ्या वर्षाच्या आत चेहऱ्यावर दाट ठिपके येत असतील, तर तपासणी लांबणीवर टाकू नये. घरातील वृद्धांना रक्तदाबासाठी दिले जाणारे हायड्रोक्लोरोथायाझाइड आणि संसर्गावर दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन ही औषधे त्वचेला उन्हाबाबत अधिक संवेदनशील बनवतात.

संरक्षणाचा क्रम

पहिला क्रमांक सावलीचा, दुसरा कपड्यांचा आणि तिसरा सनस्क्रीनचा. घट्ट विणीचे, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे उपयुक्त ठरतात. गांधी टोपीने किंवा पुढे झाप असलेल्या टोपीने कान आणि मान झाकली जात नाही. त्यासाठी रुंद काठाची टोपी, उपरणे, पदर किंवा छत्री हवी. सनस्क्रीन किमान एसपीएफ ३० चे असावे, बाहेर पडण्यापूर्वी पुरेसे लावावे आणि दर दोन तासांनी तसेच घाम किंवा पोहण्यानंतर पुन्हा लावावे. सहा महिन्यांखालील बाळाला सनस्क्रीनऐवजी सावलीतच ठेवावे. गोरेपणासाठी विकली जाणारी स्टेरॉइडयुक्त मलमे डॉक्टरांच्या सल्ल्याविना वापरू नयेत. त्यांनी त्वचा पातळ होते आणि ऊन अधिक बाधते.

डोळ्यांचाही विचार व्हायला हवा. दीर्घकाळ उन्हात वावरल्याने मोतीबिंदू, बुबुळाकडे सरकणारी मांसवृद्धी आणि क्वचित डोळ्याच्या पृष्ठभागाचा कर्करोग होऊ शकतो. अतिनील किरणे पूर्णपणे रोखणारा चष्मा निवडावा. काच केवळ गडद असून भागत नाही. शेतकरी, मच्छीमार, बांधकाम मजूर आणि वाहतूक पोलिस यांच्यासाठी ही खबरदारी विशेष महत्त्वाची आहे.

कोठे पाहावे, कधी दाखवावे

भारतीयांत त्वचेचा प्रत्येक कर्करोग उन्हामुळे होत नाही. मेलॅनोमा हा घातक प्रकार आपल्याकडे अनेकदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली, म्हणजे ऊन न लागणाऱ्या जागी आढळतो. जुन्या भाजलेल्या व्रणातूनही कर्करोग उद्भवतो. कमरेला घट्ट बांधलेल्या धोतराच्या सततच्या घर्षणाने होणाऱ्या कर्करोगाची नोंद डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९४५ मध्येच केली होती.

म्हणून महिन्यातून एकदा चेहरा, कान, ओठ, जुने व्रण आणि तळपाय उजेडात तपासावेत. वृद्धांचे तळपाय घरातील दुसऱ्या कोणी पाहणे इष्ट. आकार वाढणारा किंवा कडा वेड्यावाकड्या असलेला तीळ, नखाखाली नव्याने उमटलेली काळी रेघ, रक्त येणारी गाठ किंवा चार आठवड्यांत न भरलेली जखम दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. गोव्यात बांबोळीच्या गोमेकॉत त्वचारोग विभाग आहे. शिक्षण-नोकरीनिमित्त हैदराबादेत राहणाऱ्यांसाठी रेड हिल्स येथे १९५५ पासून सुरू असलेली एमएनजे ही शासकीय कर्करोग संस्था आहे. त्वचेचे बहुतेक कर्करोग वेळीच ओळखल्यास छोट्या शस्त्रक्रियेने पूर्ण बरे होतात.