पाठिंबा आणि पृष्ठांकन



या व्याख्यानासाठी मी निवडलेला विषय दूरदेशीचा आहे. १९ ऑक्टोबर २००८ रोजी अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जनरल कॉलिन पॉवेल यांनी, स्वतः रिपब्लिकन असूनही, डेमॉक्रॅटिक पक्षाचे उमेदवार बराक ओबामा यांना अध्यक्षपदासाठी जाहीर पाठिंबा दिला. दूरचित्रवाणीवरील मुलाखतीतले हे काही मिनिटांचे बोलणे. मराठीच्या प्राध्यापकाने या वाटेला का जावे, असे आपणांस वाटेल. माझे आयुष्य शब्दांच्या संगतीत गेले आणि या प्रसंगात ‘पाठिंबा’ या शब्दाचाच कस लागलेला मला दिसतो, एवढे कारण मला पुरेसे आहे.

आपल्या ‘पाठिंबा’ या शब्दात पाठ आहे. इंग्रजीतील ‘एन्डॉर्समेंट’ या शब्दाच्या मुळाशीही लॅटिनमधील पाठ याच अर्थाचा शब्द आहे. मात्र ती पाठ माणसाची नव्हे, कागदाची. धनादेश दुसऱ्याच्या स्वाधीन करताना त्याच्या मागील बाजूस सही करावी लागते आणि बँकव्यवहाराच्या मराठीत तिला ‘पृष्ठांकन’ म्हणतात. या सहीचे मर्म बेगमबाजारातील व्यापाऱ्यांना समजावून सांगावयास नको. मुख्य देणेकऱ्याने हात वर केले, तर पाठीवर सही करणारा अडकतो. म्हणजे दुसऱ्याच्या कागदावर आपण आपली पत चढवितो आणि ती गमावण्याची तयारी ठेवतो. आपल्याकडे १९६७ मध्ये हरियाणातून ‘आयाराम-गयाराम’ हा शब्दप्रयोग देशभर पसरला; परंतु पक्ष न सोडता, पदाची अपेक्षा न ठेवता, समोरच्या पक्षातील उमेदवाराची बाजू घेणाऱ्याला आपण अद्याप नाव दिलेले नाही.

अमेरिकनांनी ते १८८४ मध्ये दिले. त्या वर्षी रिपब्लिकन पक्षाने जेम्स ब्लेन यांना उमेदवारी दिली. रेल्वे कंपन्यांशी असलेल्या त्यांच्या आर्थिक संबंधांवरून बरेच वादंग माजले होते. पक्षातील काही प्रतिष्ठित मंडळींनी उघडपणे डेमॉक्रॅट ग्रोव्हर क्लीव्हलँड यांची बाजू घेतली. त्यांत कार्ल शुर्झ हे प्रमुख. १८४८ च्या जर्मन क्रांतीत भाग घेऊन परागंदा झालेला हा तरुण पुढे लिंकनच्या सैन्यात सेनापती झाला, सिनेटर झाला, मंत्री झाला. या मंडळींना ‘मगवम्प’ म्हणून हिणविण्यात आले. हा मूळचा तेथील आदिवासींच्या भाषेतला शब्द. अर्थ, मोठा सरदार. सतराव्या शतकात त्या भाषेत झालेल्या बायबलच्या भाषांतरात तो आदराने आला आहे. दोनशे वर्षांनी तोच शब्द ‘स्वतःला मोठे समजणारे’ अशा कुत्सित अर्थाने वापरला गेला. पुढे तर कुंपणावर बसलेला, तोंड एकीकडे आणि पार्श्वभाग दुसरीकडे असलेला पक्षी, अशी त्याची थट्टेखोर व्युत्पत्तीही रूढ झाली. शब्दांची अधोगती माणसांपेक्षा वेगाने होते! क्लीव्हलँड जिंकले. निर्णायक ठरलेल्या न्यूयॉर्क राज्यात अकरा लाखांहून अधिक मते पडली आणि फरक पडला तो हजार-अकराशेंचा. मगवम्पांची मते तेथे कामी आली असावीत, असे मानावयास जागा आहे.

आता पॉवेल यांच्याकडे वळू. जमैकाहून आलेल्या आईबापांचा हा मुलगा १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात जन्मला, सिटी कॉलेजात शिकला, व्हिएतनामात लढला. राष्ट्राध्यक्षांचा राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार, सेनादलांच्या प्रमुखांच्या मंडळाचा अध्यक्ष आणि परराष्ट्रमंत्री या तिन्ही पदांवर पोहोचणारा तो पहिला कृष्णवर्णीय. १९९१ च्या आखाती युद्धानंतर त्यांची लोकप्रियता अशी होती की, १९९५ मध्ये ते स्वतःच अध्यक्षपदासाठी उभे राहतील, असे बोलले जात होते. त्यांनी नकार दिला. देशात असा मान फार थोड्या माणसांना असतो.

ही पत ५ फेब्रुवारी २००३ रोजी पणाला लागली. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत पॉवेल यांनी तासाभराहून अधिक वेळ भाषण करून इराककडे संहारक अस्त्रे असल्याचे प्रतिपादन केले. हातात एक लहानशी कुपीही धरून दाखविली. पुढच्या महिन्यात युद्ध सुरू झाले. ती अस्त्रे सापडली नाहीत. मंत्रिपद सोडल्यानंतर, २००५ मध्ये, ते भाषण आपल्या कारकिर्दीवरील डाग असल्याचे त्यांनी मान्य केले. तेही एक पृष्ठांकनच होते. कागद दुसऱ्याचा, सही यांची, आणि हुंडी परत आली ती यांच्या दारी. बुश, चेनी यांच्या शब्दावर ज्यांचा विश्वास बसला नसता, त्यांचा पॉवेल यांच्या शब्दावर बसला. म्हणून त्यांचा दोष इतरांहून हलका मानण्यास मी तयार नाही.

हे ध्यानात घेतले म्हणजे २००८ च्या मुलाखतीचे वजन कळते. जॉन मॅक्केन हे पॉवेल यांचे सुमारे पंचवीस वर्षांचे स्नेही. त्यांच्या प्रचारनिधीस २००७ मध्ये पॉवेल यांनी देणगीही दिलेली. ‘मीट द प्रेस’ या कार्यक्रमात टॉम ब्रोकॉ यांच्यापुढे बोलताना त्यांनी मॅक्केन यांचा अवमान केला नाही. दोघेही अध्यक्ष होण्यास योग्य आहेत असे म्हणून त्यांनी आपली कारणे मांडली: आर्थिक अरिष्टात मॅक्केन यांची डळमळती भूमिका, उपाध्यक्षपदासाठी सारा पेलिन यांची निवड, पक्षाचा आकुंचित होत चाललेला विचार. ही कारणे त्या दिवसांत इतरही अनेकांनी दिली होती. एवढेच बोलून ते थांबते, तर मी आज आपला वेळ घेतला नसता.

ओबामा मुसलमान आहेत, अशी कुजबुज त्या काळी जोरात होती. त्या मुलाखतीपूर्वी नऊ दिवस मिनेसोटातील एका सभेत एका बाईंनी मॅक्केन यांना सांगितले की, ओबामा अरब आहेत. मॅक्केन यांनी त्यांच्या हातून ध्वनिक्षेपक घेतला आणि म्हटले की, नाही, ते सभ्य, कुटुंबवत्सल गृहस्थ व नागरिक आहेत, त्यांच्याशी माझे मूलभूत प्रश्नांवर मतभेद आहेत, इतकेच. स्वतःच्या सभेत, स्वतःच्या माणसांची नाराजी पत्करून केलेले हे कृत्य सज्जनपणाचे होते, यात शंका नाही. परंतु ‘अरब’ या आरोपाला ‘सभ्य’ हे उत्तर मिळाले, तेव्हा त्या दोन शब्दांमध्ये काहीतरी न बोललेले राहून गेले. पॉवेल यांनी नेमके तेच उचलले. ते म्हणाले की, ओबामा ख्रिस्ती आहेत, हे बरोबर उत्तर. पण खरोखर बरोबर उत्तर असे की, ते मुसलमान असते तर काय बिघडले असते? सात वर्षांच्या एखाद्या मुसलमान अमेरिकन मुलाने आपण राष्ट्राध्यक्ष होऊ असे मनात आणले, तर त्यात चूक काय?

आणि मग त्यांनी एका छायाचित्राविषयी सांगितले. आर्लिंग्टनच्या सैनिकी दफनभूमीत एक माता मुलाच्या थडग्याच्या शिळेवर डोके टेकून बसली आहे. शिळेवर त्याची पदके कोरलेली आहेत, वय वीस वर्षे आहे, आणि वरच्या बाजूस क्रूस नाही, चंद्रकोर व तारा आहे. न्यू जर्सीत जन्मलेला हा मुलगा ११ सप्टेंबर २००१ रोजी चौदा वर्षांचा होता. वयात येताच तो सैन्यात गेला आणि इराकमध्ये मारला गेला.

इराकमध्ये! म्हणजे ज्या युद्धाच्या कागदावर पॉवेल यांची सही होती, त्याच युद्धात. ही जोड मी घालतो आहे, पॉवेल यांच्या तोंडी नाही. तथापि त्या मुलाखतीविषयी विचार करताना मला ती टाळता येत नाही. उरलेली पत या माणसाने कोठे खर्च केली, तर जो मुलगा त्या सहीची किंमत चुकवून गेला, त्याच्या नागरिकत्वावर शिंतोडे उडू नयेत म्हणून.

टीका झालीच. हा केवळ वर्णाचा आपपरभाव आहे, असे एका प्रसिद्ध नभोवाणी-वक्त्याने म्हटले. पॉवेल यांचे उत्तर मुलाखतीतच होते: वर्णच कारण असते, तर मी हे कित्येक महिने आधी केले असते. मॅक्केन यांनी मित्राविषयी कटू शब्द काढला नाही. किसिंजर, बेकर, ईगलबर्गर व हेग हे चार माजी परराष्ट्रमंत्री आपल्या बाजूचे आहेत, एवढे त्यांनी नोंदविले. ४ नोव्हेंबरला ओबामा ३६५ विरुद्ध १७३ निर्वाचक-मतांनी विजयी झाले. ते आधीच आघाडीवर होते. पॉवेल यांच्या शब्दाने निकाल फिरला, असे म्हणण्यात अर्थ नाही. १८८४ शी तुलना येथे संपते.

आपल्याकडील राष्ट्रपतिपदाची निवडणूक निराळी. मतदार असतात आमदार-खासदार, आणि पक्षादेश तेथे चालत नाही; १९६९ मध्ये ‘सद्सद्विवेकबुद्धी’ हा संस्कृत शब्द वर्तमानपत्रांतून घरोघरी गेला, तो यामुळेच. परंतु पॉवेल यांनी विचारलेल्या प्रश्नाला आपल्या या शहराचे एक उत्तर आहे. १८९७ मध्ये येथे, हैदराबादेत, जन्मलेले झाकिर हुसेन १९६७ च्या निवडणुकीत न्यायमूर्ती कोका सुब्बाराव यांच्याविरुद्ध ४,७१,२४४ विरुद्ध ३,६३,९७१ अशा मतमूल्याने निवडून आले. लढत चुरशीची होती आणि सुब्बाराव सरन्यायाधीशपद सोडून उभे राहिलेले मातब्बर उमेदवार होते; त्यांना मत देणे म्हणजे झाकिरसाहेबांच्या धर्माला विरोध, असे समीकरण मांडणे अन्यायाचे होईल. निकाल लागला आणि एका मुसलमान शिक्षणतज्ज्ञाने राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली, एवढी गोष्ट मात्र घडली.

पॉवेल यांनी पुढे २०१२ मध्ये पुन्हा ओबामांना, २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना आणि २०२० मध्ये जो बायडन यांना पाठिंबा दिला. माझ्या मते या प्रत्येक वेळी त्याचे मोल थोडे घटत गेले; चौथ्यांदा दुसऱ्या बाजूस उभा राहणारा माणूस त्या बाजूचाच समजला जातो. तरीही आपण रिपब्लिकनच आहोत, हे त्यांनी दीर्घकाळ सोडले नाही. जानेवारी २०२१ मध्ये संसदभवनावर जमाव चालून गेला, त्यानंतर त्यांनी सांगितले की, आता आपण स्वतःस रिपब्लिकन म्हणवू शकत नाही. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, ते निवर्तले. त्यांचे दफन आर्लिंग्टनलाच झाले.