तुटक पांढऱ्या चौकटीची कुळकथा

बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात दोन खेळांचे दोन कायदे शेजारी शेजारी नांदले. कबड्डीच्या मॅटवर संघ टाइमआउट मागतो आणि पंच तो देतात. रूढ नियमांत प्रत्येक सत्रात प्रत्येक संघाला अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे दोन. पुणेरी पलटणच्या सामन्यांत पुणेकरांनी ते पाहिलेत. त्याच संकुलातल्या फुटबॉलच्या मैदानावर २०१४ ते २०१९ या काळात एफसी पुणे सिटी खेळत असे. तिथे प्रशिक्षकाला डगआउटपुढच्या तुटक रेषांच्या चौकटीत उभं राहून ओरडायची मुभा होती. खेळ थांबवा, असं म्हणायची नव्हती.

या चौकटीचं कूळ शोधत मागे गेलं की एक गमतीची गोष्ट सापडते. एके काळी खुद्द रेफरीच मैदानाबाहेर उभा असे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये दोन्ही संघ आपापला अंपायर आणत. खेळाडूंनी दाद मागितली तरच अंपायर निकाल देत आणि त्यांचं जमलं नाही तर प्रश्न बाहेर घड्याळ धरून उभ्या असलेल्या रेफरीकडे जाई. म्हणजे मागणी आधी, निकाल नंतर. १८९१ पासून हे उलटत गेलं. रेफरी आत आला, अंपायर रेषेवर जाऊन लाइन्समन झाले. पुढच्या काही वर्षांत कोणी दाद मागायची वाट न पाहता शिट्टी वाजवायचा अधिकारही रेफरीकडे आला, घड्याळ तर त्याच्या हातात होतंच. १८९१ मध्येच मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला. आपल्या भागातलं स्पर्धात्मक फुटबॉल असं नव्या रेफरीच्या बरोबरीनंच वाढलं.

मग प्रशिक्षकाचं काय? त्याला फार काळ जागाच नव्हती. बाजूरेषेवरून सूचना देणं नियमाला मंजूर नव्हतं. अर्थात सूचना दिल्या जातच, आणि त्या आवरायला माणूस लागे. तो माणूस म्हणजे चौथा पंच. इंग्लंडचे केन ॲस्टन यांनी १९६६ मध्ये राखीव पंच नेमायची पद्धत पाडली; नियमांत हे पद १९९१ मध्ये आलं. पाठोपाठ १९९३ मध्ये टेक्निकल एरिया आला, म्हणजेच आपली चौकट. बाकांच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटर, पुढे बाजूरेषेपासून एक मीटर अलीकडेपर्यंत. डावपेचाच्या सूचना एका वेळी एकानेच द्यायच्या.

१९६६ सालाने आणखी एक गोष्ट दिली. विश्वचषकात वेम्ब्लीवर इंग्लंडविरुद्ध अर्जेंटिनाचा कर्णधार रात्तीन याला जर्मन रेफरी क्राइटलाइन यांनी बाहेर काढलं. रात्तीन दुभाष्या मागत राहिला, हलेना. क्राइटलाइनना स्पॅनिश येत नव्हतं. खेळ कित्येक मिनिटं खोळंबला. पंचांची जबाबदारी ॲस्टन यांच्याकडे होती. घरी जाताना रस्त्यावरचा सिग्नल पाहून त्यांना पिवळ्या आणि लाल कार्डांची कल्पना सुचली आणि १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात ती वापरात आली. चौकटीतल्या माणसांना मात्र कार्ड दाखवण्याचा नियम यायला २०१९-२० चा हंगाम उजाडला. त्यातलं एक कलम मला फार न्याय्य वाटतं. बाकावरून कोण बोललं ते कळलंच नाही, तर कार्ड तिथल्या सर्वांत वरिष्ठ प्रशिक्षकाला. आपल्या माणसांच्या जिभेची जबाबदारी त्याचीच.

आपल्याकडे या चौकटीची मोठी परीक्षा झाली ती ३ मार्च २०२३ ला, बेंगळुरूत. सुनील छेत्रीच्या फ्री किकचा गोल रेफरींनी मान्य केला आणि केरला ब्लास्टर्सचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी आपला संघच मैदानाबाहेर बोलावून घेतला. त्यांच्यावर दहा सामन्यांची बंदी आली. राग समजू शकतो, पण शिक्षा योग्यच होती. खेळ थांबवायचा अधिकार एकदा बाकाकडे गेला की रेफरी पुन्हा १८९१ च्या आधीच्या जागी जाऊन उभा राहील.

एक फट मात्र उरलीच. २९ जून २०१४ ला फोर्तालेझाच्या उन्हात विश्वचषकातला नेदरलँड्स-मेक्सिको सामना पाण्यासाठी थांबवला गेला. असा थांबा आता नियमांत आहे, पाण्यासाठी फार तर एक मिनिट, अंग थंड करायला दीड ते तीन मिनिटं. तो आरोग्यासाठी आहे आणि हवाच. एप्रिल-मेच्या पुण्यात दुपारी मुलांचे सामने लावणाऱ्यांनी तो विसरता कामा नये. पण थांबलं की प्रशिक्षक खेळाडूंना रेषेजवळ गोळा करतो आणि टाइमआउट आपोआप मिळतो. दुसरी वाट गोलरक्षकाची. इतर खेळाडूंना उपचारानंतर सहसा बाहेर जावं लागतं, गोलरक्षकाला नाही. म्हणून संघ दबावाखाली आला की तो पाय धरून बसतो आणि बाकीचे दहाजण चौकटीकडे धावतात. रेफरीला दुखापत खोटी ठरवता येत नाही, कारण खरी निघाली तर? माझ्या मते अशा वेळी दोन्ही संघांना रेषेपासून दूर, मैदानातच थांबवावं. गोलरक्षकावर उपचार होतील आणि चौकटीतल्या माणसाला न मागितलेला टाइमआउट मिळणार नाही.